सोमाजींचा वस्तरा

वस्तरा हातात घेण्याआधी सोमाजी डोळे मिटत. समोर बसलेल्या माणसाच्या गालावरून उजव्या हाताच्या बोटांची पाठ हळूहळू फिरवत, कानापासून हनुवटीपर्यंत आणि तिथून गळ्यापर्यंत. बोटांची टोके वर्षानुवर्षांच्या पाण्याने आणि दगडावर वस्तरा घासून राठ झाली होती, म्हणून पाठ. नवखा माणूस दचकून मागे सरे. सोमाजी डोळे न उघडताच म्हणत, "हलू नका. वाट बघून घेतो."

ठाण्याच्या तलावाकाठी तेव्हा रोज सकाळी चार-पाच न्हावी आपापली धोकटी उघडून बसत. इतरांकडे माणूस बसला की घटकाभरात मोकळा होई. सोमाजींकडे वेळ लागे. त्यांच्या शेजारी तीन दगडांची चूल, चुलीवर तांब्याचे पातेले आणि पातेल्यात कडुनिंबाचा पाला. दर माणसामागे वस्तरा त्या उकळत्या पाण्यातून निघायचा. असे का करता म्हणून विचारले तर सांगत, "बाप करायचा. त्याला मी विचारलं नाय, मला तुमी नका विचारू." एकदा एक वकील फार घाईत होते. "सोमा, पुरे तुझा तो काढा! कोर्टाची वेळ झाली," असे ते ओरडले. सोमाजींनी चुलीत आणखी एक काटकी सारली आणि म्हणाले, "कोर्टाला उद्या हाय, परवा हाय, वकीलसाहेब. गालाला एकच कातडी हाय."

त्या दिवसांत मी त्यांना 'सोमा' म्हणत असे आणि अरे-तुरे करत असे. माझ्या वयाची ब्राह्मणांची सारी मुले तसेच करत, मग समोरचा माणूस बापाच्या वयाचा असला तरी. ते मात्र मला 'नारूभट' आणि 'तुमी' म्हणत. आज लिहिताना लेखणीतून 'सोमाजी' आणि 'ते' येते. पण हे शहाणपण मला उशिरा आले.

मी शहाडच्या पलीकडचा, उल्हास नदीकाठच्या एका लहान खेड्यातला. वडील भिक्षुकी करत. कल्याणच्या शाळेत इंग्रजीची सुरुवात झाली आणि मॅट्रिकसाठी मी ठाण्याच्या हायस्कुलात आलो. आमच्या घराण्यात इंग्रजी अक्षर ओळखणारा मी पहिलाच. एका देवळामागच्या खोलीत आम्ही दोघे विद्यार्थी राहत होतो आणि जेवत होतो वार लावून. ही पद्धत ज्यांनी अनुभवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावातली सात घरे गरीब विद्यार्थ्याला आठवड्यातला एकेक वार देत. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे मिळाली की आठवडा भरला. एखादे घर तुटले की त्या वारी उपास. माझे सातही वार लागले त्या दिवशी वडिलांनी गावच्या देवळात नारळ फोडला होता.

सतरावे वर्ष लागले आणि माझ्या तोंडावर मुरूम आले. दोन-चार सगळ्यांनाच येतात. माझ्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर ते इतके आले की बोट ठेवायला जागा उरली नाही. वर्गातली मुले मी आत शिरताच म्हणत, "आला रे फणस! सुरी आणा, गरे काढू!" मी हसत असे, पण खोलीवर गेल्यावर सोबत्याच्या आरशाच्या तुकड्यात पाहून एकेक मुरूम नखांनी फोडत असे. फोडलेल्या जागी दुसऱ्या दिवशी दोन उगवत.

सोमाजींच्या बोटांना ते लगेच कळले. "नारूभट, नखं कुठं कुठं फिरली ते सांगू काय?" असे म्हणून त्यांनी डोळे मिटूनच माझ्या गालावरच्या पाच-सहा जागा बरोबर दाखवल्या. वस्तरा त्यांनी मुरुमांच्या मधून असा नेला की एकालाही धार लागली नाही. "शेतात धोंडा असला तर शहाणा नांगऱ्या वळसा घेतो," ते म्हणाले. "धोंड्यावर नांगर घातला तर धोंड्याचं काय जातं? फाळ मोडतो." मग त्यांनी उपाय सांगितला. सावरीच्या झाडाचा काटा दुधात उगाळून रात्री लावायचा, सकाळी कोमट पाण्याने धुवायचा, तेलकट खायचे नाही आणि सगळ्यांत मोठे पथ्य म्हणजे तोंडाला हात लावायचा नाही.

"किती दिवस?" मी विचारले.

"सा महिने. कदाचित वरीस."

मला महिनाही थांबायला जमणारे नव्हते. पुढे शाळेची चाचणी होती. तिच्यात उतरलेल्या मुलांचीच नावे हेडमास्तर मॅट्रिकला पाठवत. शिवाय मला आधीच भीती पडली होती. गुरुवारच्या घरी, म्हणजे दाजीसाहेबांकडे, त्या आठवड्यात माझे पान पंगतीत न मांडता जरा बाजूला मांडले होते. दाजीसाहेब म्हणजे निवृत्त शिरस्तेदार. त्यांच्या आळीत त्यांनी नाक मुरडले की इतरांची नाके आपोआप मुरडत.

माझ्या खोलीतल्या सोबत्याने तोड सुचवली. त्याच्या गावी म्हणे चामखिळीवर बिब्बा लावत आणि ती गळून पडे. परटाने कपड्यावर खूण घातली की ती कधी जात नाही, तीही याच बिब्ब्याची. हे ठाऊक असूनही मी एका सुटीच्या दुपारी बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला आणि त्यातून ठिबकणारे तेल काडीने एकेका मुरुमावर लावले. सोबती शेजारी बसून मोजत होता. एकवीसपर्यंत मोजल्याचे आठवते. दुसऱ्या दिवशी माझे डोळे उघडेनात. तोंड सुजून भोपळ्यासारखे झाले, जागोजाग फोड आले आणि त्यांतून पाणी वाहू लागले.

त्या आठवड्यात माझे वार गळू लागले. कोणी स्पष्ट काही बोलले नाही. रविवारच्या घरी "आमच्याकडे सुतक आलंय" असे सांगितले. कोण गेले ते सांगितले नाही. मंगळवारच्या बाई म्हणाल्या, "आता माहेरची माणसं यायची आहेत, जागा होणार नाही." दाजीसाहेबांकडे माझे पान ओसरीवर, चपलांच्या शेजारी मांडले गेले. मी जेवून उठलो तेव्हा त्यांनी लांबूनच विचारले, "नारायणा, तुमच्या घराण्यात कोणाला रक्तपिती होती का रे?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. "तू आता घरी जाऊन राहा थोडे दिवस. बरा झालास की बघू."

घरी गेलो असतो तर वडिलांना मला पुन्हा पाठवणे शक्य नव्हते. माझे इंग्रजी तिथेच संपले असते. पण त्याहून मोठी भीती 'रक्तपिती', म्हणजे महारोग, या शब्दाची होती. खाडीच्या वाटेवर हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेली तीन-चार माणसे बसत. त्यांना लोक लांबून तांदूळ टाकत. त्यांनाही कधी कोणी पंगतीतून उठवले असेल, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. मला फक्त माझा गाल दिसत होता. त्या रोगात कातडी बधिर होते असे मी ऐकले होते. म्हणून मी रोज सकाळी सुईने गालाला टोचून पाही. दुखले की बरे वाटे. तासाभराने पुन्हा शंका येई आणि मी दुसरीकडे टोची.

या अवस्थेत मी सोमाजींकडे जायला लाजत होतो. शेवटी मला तिथे धाडले यमुनाकाकूंनी. शनिवारचा वार त्यांच्याकडे होता. म्हाताऱ्या, एकट्या, डोळ्यांनी अधू झालेल्या सोवळ्या बाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे दर पंधरवड्याला सोमाजी मागच्या दाराने येऊन त्यांचे केशवपन करत. शनिवारी मी दाराबाहेरच उभा राहून विचारले, "काकू, आज येऊ का?"

"न यायला काय झालं?"

"माझं तोंड..."

"तुझं तोंड मला आंधळीला दिसतंय होय? ये, आमटी निवते." जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "सोमाला दाखवलंस?" मी मान खाली घातली. "अरे, वीस वर्षं मी त्याच्या हाताखाली डोकं देते. पहिल्या दिवशी मी रडत होते, तर तो माणूस तोंड फिरवून उभा राहिला, माझं रडणं संपेपर्यंत. माझ्या डोक्याला तो हात चालतो, मग तुझ्या तोंडाला का नको?"

मी गेलो. सोमाजींनी मला पाहिले आणि पहिल्यांदाच त्यांचे 'तुमी' सुटले. "अरे पोरा, हे काय करून ठेवलंस?" त्यांनी बोटांची पाठ गालाजवळ आणली, पण टेकवली नाही. "बिब्बा. आन ही भोकं कसली? सुई कोनी मारली?"

मी सगळे सांगितले.

"टोचलं की दुखतं?"

"दुखतं."

"किती येळा दुखलं म्हंजे तुझी खात्री पटंल?" ते उठले, बाजूच्या नारळवाल्याकडून नारळ घेऊन आले आणि माझ्या पुढ्यात ठेवला. "माझ्या हातचं वाटलेलं तुला चालायचं नाय. खोलीवर जा, ओलं खोबरं सोताच वाट, दूध काढ, आन दिसातून चारदा लाव. बिब्ब्याला खोबऱ्यावानी दुसरं औषध नाय. तीळखोबरं पोटात बी जाऊ दे. आन ती सुई मला आनून दे."

सुई मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. तीन आठवड्यांत बिब्ब्याचे फोड सुकले. त्यांच्या खपल्या पडल्या, खाली काळसर डाग आणि खड्डे राहिले, आणि त्यांच्यामधून पुन्हा नेहमीचे मुरूम दिसू लागले. रोज सावरीचा काटा उगाळायला यमुनाकाकू वाटीभर दूध देत. पण माझे वार परत येईनात. सोमवार आणि शनिवार एवढेच उरले होते. बाकी दिवस मी गावाहून आणलेले पोहे भिजवून खाई. चाचणी जवळ आली होती आणि भुकेने माझ्या डोळ्यांपुढे ओळी हलत.

अशाच एका बुधवारी सकाळी आळीतले आठ-दहा पुरुष हजामतीला तलावाकाठी जमले होते. मी लांब पायरीवर बसलो होतो. दाजीसाहेब सोमाजींपुढच्या पाटावर बसता बसता थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सोमा, एक सांगून ठेवतो. त्या भटाच्या पोराला तू हात लावतोस असं कानावर आलंय. त्याला लावायचा तर आम्हांला लावू नकोस. आम्ही दुसरा हजाम बघू."

सोमाजी माझ्या पायरीकडे वळले. मग त्यांनी मला हाक मारली. "नारूभट, या. पाटावर बसा."

मी पायरीवरून उठलो नाही. ते स्वतः आले, दंडाला धरून मला आणले आणि दाजीसाहेबांच्या आधी बसवले. त्यांनी डोळे मिटले, बोटांची पाठ फिरवली आणि मुरुमांना वळसे घेत माझे दोन्ही गाल आणि डोके केले. सगळे उभ्याने पाहत होते. माझे झाल्यावर सोमाजींनी वस्तरा पातेल्यात बुडवला नाही. तळहातावर एकदा पुसला आणि तसाच स्वतःच्या गालावर चालवला. सोमाजींनी पाण्यातून न काढलेला वस्तरा कातडीला लावलेला मी तो एकदाच पाहिला. जबड्याच्या हाडाशी त्यांचा हात हलला आणि रक्ताचा थेंब आला.

"पंधरा दिस माझं तोंड बघा, दाजीसाहेब," ते म्हणाले. "याच्या तोंडावर हाय ते माझ्या तोंडावर उठलं, तर खाडीच्या वाटेवर जाऊन बसतो. तवर मी तुमच्यापैकी कोनाला हात लावत नाय."

लोक दुसऱ्या न्हाव्यांकडे गेले. सोमाजींच्या चुलीवर पाणी उकळत राहिले. पुढचे पंधरा दिवस त्यांच्याकडे माझ्याशिवाय आणि दोन कोळ्यांशिवाय कोणी आले नाही. मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तलावाकडे जाई आणि त्यांच्या जबड्यावरची ती जखम पाही. आता सुई नव्हती, पण नजर तशीच टोचत होती. चौथ्या दिवशी जखमेच्या टोकाला लाल पुटकुळी दिसली.

"सोमा, ही काय?"

"काय असनार? वस्तऱ्याची."

"नक्की?"

"तुमी अभ्यासाला जा."

पाचव्या दिवशी ती वाढली. सहाव्या दिवशी तिच्यात पू दिसला. त्या दिवशी मी शाळेत बीजगणिताचा एकही प्रश्न सोडवू शकलो नाही. पुटकुळी माझ्यामुळे झाली असेल तर मी फक्त स्वतःचे नव्हे, या माणसाचे आयुष्यही नासवले होते. त्यांच्या बायकोला मी देवळाच्या रस्त्यावर पाहिले आणि तोंड लपवून दुसऱ्या बोळात शिरलो. आठव्या दिवशी सोमाजी जबडा झाकेल असा गळ्याभोवती पंचा गुंडाळून बसले होते. मी विचारायचे धाडस केले नाही. दहाव्या दिवशी त्यांनी पंचा काढला. पुटकुळी बसली होती. जखमेची जागा तेवढी गुलाबी राहिली होती.

पंधरावा दिवस उलटल्यावर दाजीसाहेब एकटेच आले. पंधरा दिवसांत त्यांनी दुसऱ्या न्हाव्याला हात लावू दिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या गालांवर पांढरे खुंट वाढले होते. पाटावर बसून ते एवढेच म्हणाले, "कर." सोमाजींनी डोळे मिटले आणि बोटे फिरवली. त्या गुरुवारी माझे पान आत, पंगतीत मांडले गेले. पुढच्या आठवड्यात रविवारच्या घरचे सुतक फिटले आणि मंगळवारच्या बाईंची माहेरची माणसे परत गेली. चाचणीत मी शेवटून तिसरा उतरलो. पण उतरलो.

मॅट्रिक होऊन मुंबईला कॉलेजात जाण्याआधी मी सोमाजींना भेटलो. माझे मुरूम तेव्हा बरेच बसले होते, त्यांनी सांगितलेल्या वर्षाच्या आतच. मी विचारले, "त्या दिवशी तुला खात्री होती ना, की हा रोग नाही?"

ते वस्तरा पुसत होते. "खात्री कुठली? मी काय डाक्टर हाय?" मग वस्तरा मिटून म्हणाले, "सहाव्या दिशी बायको माझं ताट येगळं ठेवू का म्हनून विचारत होती. मी म्हनलं, ठेव."

मुंबईत माझ्या गालांकडे पाहून लोक विचारत, "देवी आल्या होत्या का लहानपणी?" मी हो म्हणे. देवीला सगळे मान देतात, तिच्या खुणांची लाज नसते. बी.ए. झाल्यावर ठाण्याच्या हायस्कुलात मला शिक्षकाची जागा मिळाली आणि मी पहिल्याच आठवड्यात तलावाकडे गेलो. सोमाजी थकले होते, दृष्टी अधू झाली होती. मी जाऊन म्हणालो, "सोमाजी, ओळखलंत का?" ते घाबरून उठून उभे राहिले. "काय चुकलं, सायब?" कोट-पगडीतला ब्राह्मण आपल्याला आदराने बोलतो, याचा त्यांना तोच अर्थ लागला. मी त्यांचा हात धरून गालाला लावला, तेव्हा कुठे ते हसले. "नारूभट!"

बोलता बोलता त्यांनी विचारले, "हे खड्डे बघून मुंबईत कोन काय बोललं नाय?"

"देवी आल्या होत्या म्हणून सांगतो."

"बरं करता. देवीवाल्याला कोनी पानावरून उठवत नाय," असे म्हणून ते पाणी बघायला वळले.

त्या पावसाळ्यात तापाने ते गेले. मला कळले ते दोन दिवसांनी, दुसऱ्या न्हाव्याकडून.

पुढच्या वैशाखात दाजीसाहेबांच्या नातवाची मुंज होती. मी मास्तर म्हणून सन्मानाने पहिल्या पंगतीत बसलो होतो. शेजारी पुण्याचे एक पाहुणे होते. भाताला तूप वाढले जात असताना त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि सहज विचारले, "देवी का, मास्तर?"

घास मी उचललेला होता. "नाही," मी म्हणालो. "मुरूम होते. मीच बिब्बा लावून घेतला. लोकांना रक्तपिती वाटली. याच घरात माझं पान ओसरीवर मांडलं होतं. सोमाजी म्हणून एक न्हावी होते, त्यांनी माझ्यावरचा वस्तरा स्वतःच्या तोंडावर फिरवला, म्हणून मी इथे बसलोय."

तूप वाढणारा थांबला. समोरच्या ओळीतून दाजीसाहेबांनी मान वर केली. ते आता फार म्हातारे झाले होते.

"खरं आहे," ते म्हणाले. "सगळं खरं आहे. जेवा आता."

वाढणारा पुढे सरकला. माझा घास अजून हातातच होता. तो तोंडात घालायला मला बराच वेळ लागला.